दूधभाऊ

वेस्टमिन्स्टर
सेंट मार्टिनच्या सणानंतरचा मंगळवार, राजा रेनाल्ड यांच्या राज्याचं चौथं वर्ष

दूधआई,

हे पत्र पाद्री ह्यूबर्ट तुला वाचून दाखवतील. आधी तुला बसायला सांगा, असं मी त्यांना वेगळं कळवलं आहे. बसलीस का?

ऑस्बर्न गेला.

लढाईत गेला असता तर तसं लिहिलं असतं. गेल्या गुरुवारी त्याला इथं फाशी दिली.

तुला माहीतच आहे, उन्हाळ्याच्या तोंडावर दादानं मला समुद्रापार गॅस्कनीत पाठवलं, मोंरोकचा किल्ला राखायला. सोबत तीनशे माणसं, आणि मागून जहाजं येतील असा शब्द. राजाचा धाकटा भाऊ तिथं आहे म्हटल्यावर जहाजं येतीलच असं मला वाटलं. फ्रेंचांनी अडतीस दिवस वेढा दिला. जहाजं आली नाहीत. शेवटी आम्ही घोडे खाल्ले. ऑस्बर्ननं शिंगरापासून वाढवलेले घोडे. ते कापताना तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

किल्ला पडला. परत आलो तर दरबाराला कुणीतरी गुन्हेगार हवा होता. दादाचा खासगी कारभारी फुल्क, ज्याला विचारल्याशिवाय दादा आजकाल पाणीसुद्धा पीत नाही, तो उभा राहिला आणि म्हणाला, नदीकडचा दरवाजा आतून उघडला गेला, आणि उघडणारा ऑस्बर्न होता. राजाच्या रक्ताला दोरी लावता येत नाही, दूधआई. माझ्याऐवजी त्याला लावली.

मी त्या दिवशी तापानं फणफणून मठात पडलो होतो. मला कळलं तेव्हा सगळं संपलं होतं.

फुल्क जिवंत राहणार नाही. ही शपथ समज.

तुझा
बाल्डविन

*

थॉर्नवेल
नाताळाच्या उपासातला दुसरा रविवार

बाळा,

मी बसले नाही. हौदात जव भिजत होते, ते ढवळत उभ्यानंच ऐकलं. पाद्रीबाबांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा मीच वाचायला लावलं.

आता मी काय सांगते ते ऐक. तू तीन दिवसांचा होतास तेव्हा तुला माझ्याकडे आणलं. तुझी आई राणी. तिनं तुला त्यानंतर सणावारी पाहिलं, तेही दुसऱ्याच्या हातात. गादीला थोरला होता. तू म्हणजे वेळ पडलीच तर असावा म्हणून ठेवलेला. माझा ऑस्बर्न तेव्हा पाच आठवड्यांचा. दूध कमी पडायचं तेव्हा आधी तुला. राजाचा माणूस दाराशी उभा असायचा म्हणून नव्हे, तो नसतानाही आधी तुला. ऑस्बर्न रडायचा ते मी ऐकत बसायचे. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. आज सांगते, कारण आज माझं तुझ्याकडे मागणं आहे.

दरवाजा उघडून शत्रूला आत घेणाऱ्यातला तो नव्हता. कोठीतला मधाचा घडा तू फोडलास तेव्हा फटके त्यानं खाल्ले, कारण राजाच्या मुलाला मारायचं कसं? कोठीवाल्यानं विचारलं तर हाच म्हणाला, मी फोडला. तू त्याच्याहून जास्त रडलास. तो पोर दगा देणार?

गावात बातमी पोचली आहे. माझी बिअर अजून पितात, पण मडकं मागच्या दारानं भरून नेतात. चर्चमध्ये माझ्या शेजारी कुणी बसत नाही.

मला तीन गोष्टी कळव. त्याचं नाव पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघालं? तो शेवटी काय म्हणाला? आणि फुल्क कसा मरणार? रडायचं ते मी नंतर रडेन. आधी मला तो माणूस हवा.

इथं पाद्रीबाबांनी लेखणी थांबवली. मी म्हटलं, लिहा. पाप माझं, हात तुमचा.

गोडिथ

*

विटर्नचा किल्ला
मेणबत्त्यांचा सण, राज्याचं पाचवं वर्ष

दूधआई,

उशीर झाला. फुल्कचे लोक पत्रं फोडतात, त्यामुळे भरवशाचा माणूस मिळेपर्यंत थांबलो.

नाव फुल्कनंच घेतलं. ऑस्बर्न शेवटी काय म्हणाला ते मला माहीत नाही, मी तिथं नव्हतो.

नाताळात दादाच्या पंगतीला होतो. मला अर्ल केलंय ना, मग बसवलं अर्लांच्या शेवटी, दाराच्या वाऱ्यात. मला दिलेला मुलूख अर्धा दलदल आहे. बगळ्यांचा मी अर्ल. फुल्क दादाच्या उजव्या हाताला होता. मला हाक मारून म्हणाला, मोंरोकच्या घोड्यांच्या मानानं आजचं हरीण कसं लागलं? सगळे हसले. दादाही हसला. मी ताटातल्या सुरीकडे बघत राहिलो आणि मनात म्हटलं, इथं नको.

वेल्सच्या सीमेवरचे चार सरदार माझ्या बाजूनं आहेत. त्यांनाही फुल्क नको आहे. पण लंडनमध्ये त्याच्याभोवती साठ भालेकरी असतात. तो बाहेर पडतो फक्त हरणांच्या शिकारीला, आणि उतरतो तुमच्या थॉर्नवेलच्या रानातल्या राजाच्या शिकारघरात. तिथं बिअर तुझीच जाते ना?

किती माणसं, कुठली वाट, कोणत्या वेळी. एवढं मला हवं.

माझं लग्न झालं. सिबिल नाव तिचं. चांगली आहे. तिला ऑस्बर्नबद्दल सांगितलेलं नाही.

बाल्डविन

*

थॉर्नवेल
सुगीच्या पहिल्या पावाचा सण

बाळा,

तो आला. परवा आला.

माणसं अकरा, त्यातली चार स्वयंपाकाची. कुत्री बरीच. रोज न्याहारीनंतर निघतो, आणि दक्षिणेकडच्या रानात जायचं तर ओढा एकाच ठिकाणी उतरता येतो, माझ्या गाळणीघराच्या वरच्या अंगाला, अल्डरच्या झाडीत. तिथं घोडे एकामागोमाग एक घ्यावे लागतात. तो तिसरा असतो. पहिले दोघं पुढं जाऊन कुत्र्यांना आवरतात. कपडे हिरवे, पण टोपीला पांढरं पीस, त्यामुळे चुकायचं नाही.

मी काल स्वतः पिंप घेऊन गेले. त्यानं मला पाहिलं. मी कोण हे त्याला माहीत नाही. बिअर चाखून म्हणाला, म्हातारे, लंडनात असतीस तर तुला राजवाड्यात नेलं असतं. मी हात जोडून उभी राहिले. घरी आल्यावर ते हात राखेनं घासले.

महिनाभर राहणार आहे. हरणं या वेळी माजलेली आहेत.

माझं एकच मागणं. त्याला मारायच्या आधी मला त्याच्याशी बोलू दे. जास्त नाही, चार वाक्यं. शिव्या द्यायच्या नाहीत मला. मला विचारायचं आहे. तू तर तापात होतास. दरबारात माझ्या पोराचं नाव निघालं तेव्हा तिथं हजर असलेला, आणि मी ज्याला विचारू शकते असा, तो एकच माणूस आहे.

गोडिथ

*

विटर्नचा किल्ला
पवित्र क्रुसाचा दिवस, सप्टेंबर

दूधआई,

झालं. तुला कळलंच असेल, तुझ्या अंगणापासून हाकेच्या अंतरावर झालं. तू सांगितलंस तसा तो तिसरा होता. मीच पहिला वार केला, मानेच्या खाली. घोड्यावरून पाण्यात पडला आणि प्रवाहानं झाडीत ओढला गेला. त्याची माणसं उलटून आली म्हणून आम्हाला निघावं लागलं, पण तो वार खाऊन कुणी उठत नाही.

तुला बोलायला मिळालं नाही, याचं वाईट वाटतं. वेळच नव्हता. अशा माणसाच्या तोंडून खरं काय निघणार होतं? स्वतःला वाचवायला त्यानं कुणाचंही नाव घेतलं असतं.

ऑस्बर्नचा सूड पुरा झाला. आता तू शांत हो, ही विनंती.

बाल्डविन

*

थॉर्नवेल
सेंट मायकेलचा सण

बाळा,

पत्र पोचलं. हो, तो मेला. त्याला गाडीत घालून नेलं तेव्हा मी दारात उभी होते.

लोक आता माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात. परवा चर्चमध्ये लोहाराची बायको शेजारी येऊन बसली.

तू म्हणतोस शांत हो. प्रयत्न करते आहे. एकच गोष्ट मनातून जात नाही, ती तुला पुन्हा विचारते. रागावू नकोस, म्हाताऱ्या बाईला एक गोष्ट दहादा ऐकावी लागते. ज्या दिवशी दरबारात ऑस्बर्नचं नाव निघालं, त्या दिवशी तू नक्की कुठं होतास? कुठल्या मठात, कोण होतं तुझ्याजवळ? नीट आठवून लिही. मला ते डोळ्यांपुढं आणायचं आहे.

खरं काय ते लिही. तू काहीही लिहिलंस तरी मी तुझी दूधआईच आहे. आज तरी आहे.

गोडिथ

*

विटर्नचा किल्ला
सर्व संतांचा दिवस

दूधआई,

मी सेंट बार्थोलोम्यूच्या मठात होतो. अंगात इतका ताप होता की भिंतीवरच्या क्रुसाचे मला दोन दिसायचे. एक म्हातारा साधू कपाळावर ओली फडकी ठेवायचा. त्याच्या हाताला लसणाचा वास यायचा. त्यानंच मला चौथ्या दिवशी सांगितलं. मी अनवाणी रस्त्यावर धावत गेलो आणि पुलाजवळ पडलो. हे इतकं सविस्तर सांगायला मला कसं वाटतं ते तुला कळावं. आता पुन्हा विचारू नकोस.

इथं सगळं कोसळलं आहे. दादा फुल्कसाठी पोरासारखा रडला म्हणे. सीमेवरच्या चार सरदारांपैकी तिघांनी त्याचे पाय धरले आणि सगळा दोष माझ्यावर टाकला. दादाची फौज विटर्नपासून दोन दिवसांवर आहे.

आणि सिबिल गेली. मंगळवारी बाळंत झाली, बुधवारी गेली. मुलगी आहे. आवीस नाव ठेवलं, सिबिलच्या आईचं.

दादाच्या हाती लागली तर तो तिला कुठल्या तरी मठात टाकील आणि माझा मुलूख आपल्या माणसांना वाटील. मी समुद्रापार फ्लँडर्सला निघतो आहे. आठ दिवसांच्या बाळाला घेऊन हिवाळ्यात गलबतावर चढता येत नाही. या जगात मी तिला कुणाच्या हातात देऊ शकत असेन तर तुझ्या. पत्र आणणाऱ्या बाईच्या टोपलीत ती आहे. वसंतात लोकरीच्या गलबतावरून तिला माझ्याकडे पाठव.

तिला जप. मला जपलंस तशी.

बाल्डविन

*

थॉर्नवेल
सेंट कॅथरिनचा दिवस, नोव्हेंबर

अर्ल बाल्डविन यांच्या सेवेशी,

आपली मुलगी पोचली. तब्येत बरी आहे. तिला अंगावर पाजायला एक बाई मिळाली आहे, हल्लीच तिचं स्वतःचं मूल गेलं. ती बाई कोण, कोणत्या गावची, ते आपल्याला कळणार नाही. पाद्रीबाबांनाही माहीत नाही. मुलगी माझ्या घरात नाही.

आता ऐकावं.

फुल्क ओढ्यात मेला नाही. प्रवाहानं त्याला माझ्या गाळणीघराच्या पायरीला आणून टाकलं. न्याहारीच्या वेळेपासून दुपारच्या घंटेपर्यंत तो जिवंत होता. त्याची माणसं वरच्या अंगाला झाडी धुंडाळत होती आणि तो माझ्या दाराशी पडून पाणी मागत होता. मी आधी विचारलं, मग पाणी दिलं.

मी म्हटलं, ऑस्बर्नचं नाव तू का घेतलंस?

तो म्हणाला, "मी नाव मागितलं. दिलं त्याच्या अर्लानं."

मला वाटलं, मरता मरता विष ओकतो आहे. आपल्या शत्रूच्या शब्दावर आपल्या लेकराला दोषी धरायचं नाही, एवढी अक्कल मला आहे. पाद्रीबाबांचा एक शाळासोबती दरबाराच्या दप्तरात लेखनिक आहे. त्याला विचारायला पाठवलं. त्यानं त्या दिवसाच्या नोंदीची नक्कल दिली. ती मी चार वेळा वाचून घेतली. अर्ल बाल्डविन यांनी पवित्र ग्रंथावर हात ठेवून सांगितलं की दरवाजा त्यांच्या नकळत, लाच खाऊन, त्यांच्या घोड्यांचा रखवालदार ऑस्बर्न यानं उघडला. खाली आपली मोहर.

हे कळल्यावर मी आपल्याला पुन्हा विचारलं. खरं लिहिलं असतं तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. आपण मला लसणाचा वास लिहून पाठवला.

फुल्क मेला याचं मला दुःख नाही. नाव मागणाराही तोच होता. पण तो निम्माच गुन्हेगार.

आता माझी मागणी. ज्या सभेत, ज्या ग्रंथावर हात ठेवून आपण ते बोललात, तिथं जायचं आणि खरं सांगायचं. ते झालं की मुलीचा पत्ता कळेल. नाही झालं तर ती वाढेल, बिअर गाळायला शिकेल, कुणाची तरी बायको होईल आणि आपलं नाव तिच्या कानावर पडणार नाही. मी तिला उपाशी ठेवणार नाही. तसलं काम मी एकदाच केलं, माझ्याच लेकराच्या बाबतीत, आपल्यासाठी.

गोडिथ

*

समुद्रकाठचं एक गाव
सेंट निकोलसच्या सणाआधीचा सोमवार

गोडिथ,

तू कुणाशी बोलते आहेस हे विसरलीस. मी तुझं घर जमिनीतून उकरून काढीन. तुझ्या पाद्र्याला त्याच्याच घंटेला टांगीन. गावातल्या प्रत्येक अंगावर पाजणाऱ्या बाईला ओढून विचारीन. एक बिअर गाळणारी बाई राजाच्या पुतणीला पळवते आणि वर मला अटी घालते? गलबत तयार आहे, माझ्याजवळ वीस माणसं आहेत, आणि थॉर्नवेल इथून तीन दिवसांवर आहे.

वरचं मी सोमवारी लिहिलं. आज शुक्रवार आहे. वीसपैकी पाच माणसं राहिली. वरचं फाडून टाकणार होतो, पण राहू दे. मी कसा आहे ते तुला दिसू दे.

दरवाजा मीच उघडायला सांगितला. फ्रेंचांशी बोलणं मीच केलं. मी आणि माझे चाळीस सरदार सुखरूप बाहेर, किल्ला त्यांचा. मागं अडीचशे माणसं राहणार होती, त्यांच्याबद्दल बोलणं झालं नव्हतं. किल्ली ऑस्बर्नकडे होती. त्यानं विचारलं, "आणि मागचे?" मी म्हणालो, "उघड."

दरबारात फुल्क म्हणाला, एक नाव द्या, बाकी आम्ही बघतो. ऑस्बर्न खोलीतच होता, भिंतीशी, माझा झगा हातात घेऊन. मी त्याचं नाव घेतलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलणार, आणि बोलला असता तर मी कदाचित मोडलो असतो. त्यांनी त्याला विचारलं, दरवाजा तू उघडलास का? तो म्हणाला, "हो, मी उघडला." ते खोटं नव्हतं. पुढचं त्यानं सांगितलं नाही.

शेवटी तो काय म्हणाला ते खरंच मला माहीत नाही. फाशीच्या जागी मी गेलो नाही. ताप मला त्यानंतर आला.

हे सगळं मी मोहर लावून लिहून देतो. फ्लँडर्सला पोचलो की दादाला पाठवतो. मग तर झालं? मुलगी दे.

बाल्डविन

*

थॉर्नवेल
नाताळाआधी नऊ दिवस

अर्ल बाल्डविन यांस,

कागद नको. माझ्या पोराला फासावर चढवणारी साक्षही कागदावरच होती, आणि त्यावरही आपली मोहर होती.

तोंडानं सांगायचं. त्याच खोलीत, उभं राहून. त्याचं नाव गद्दारांच्या यादीतून काढायचं, आणि लंडनच्या वेशीवर टांगलेलं त्याचं जे काही उरलं असेल ते उतरवून माझ्याकडे पाठवायचं, आमच्या चर्चच्या आवारात पुरण्यासाठी.

मुलगी आता माणसं ओळखून हसते.

आणि धमक्यांचं पान पाद्रीबाबांनी वाचायचं गाळलं, असं समजू नये. सगळं वाचलं. ते म्हणाले, घाबरलेला माणूस आहे. मी म्हटलं, असू दे, बरं आहे.

गोडिथ

*

टॉवर, लंडन
तीन राजांच्या सणानंतरचा शनिवार, राज्याचं सहावं वर्ष

दूधआई,

तुला अजून असं म्हणता येतं की नाही, माहीत नाही. दुसरं कुणी नाही, म्हणून म्हणतो.

गलबत माझ्याशिवाय गेलं. मी धक्क्यावर उभा राहून त्याची शिडं दिसेनाशी होईपर्यंत बघितलं आणि मग उलट्या दिशेनं निघालो. दरबाराच्या दाराशी पहारेकऱ्यांनी मला ओळखलंच नाही. मी कोण हे सांगितल्यावर ते एकमेकांकडे बघत राहिले, कारण ज्याला सगळ्या राज्यात शोधताहेत तो चालत येईल हे त्यांच्या डोक्यात नव्हतं.

सांगितलं. त्याच खोलीत. सगळं सांगितलं: फ्रेंचांशी बोलणं, चाळीस सरदार, किल्ली, "उघड." त्याचं नाव पूर्ण घेतलं, बापाच्या नावासकट. लेखनिकाला ते नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा घ्यायला लावलं. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

दादा सुरुवातीला जांभई देत होता. मग थांबला. सगळं झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "हे तुला कुणी करायला लावलं?"

मी म्हणालो, "माझ्या आईनं."

त्याला वाटलं राणीसाहेब. म्हणाला, ती मरून नऊ वर्षं झाली, याचं डोकं फिरलंय.

फुल्कबद्दलही विचारलं. ते मीच केलं, असं सांगितलं. ओढ्याची वाट आणि वेळ कुणी कळवली, हे त्यांनी दोन दिवस विचारलं. ते मी सांगितलं नाही. माझे हात आता नीट नाहीत, म्हणून हे पत्र इथला धर्मगुरू लिहितो आहे. तो भला माणूस आहे, आणि पत्र त्याच्याच माणसाच्या हातून येईल.

ऑस्बर्नचं नाव यादीतून काढलं. त्याला वेशीवरून उतरवलं आणि गाडी थॉर्नवेलला निघाली, हे मी खिडकीतून स्वतः पाहिलं.

माझा दिवस ठरला आहे, सेंट हिलरीच्या सणानंतरचा गुरुवार. राजाचा मुलगा म्हणून दोरी नाही, कुऱ्हाड.

आवीसचा पत्ता आता मला काय कामाचा? तो तुझ्याजवळच ठेव. पण एक मागतो. त्या दिवशी तिला घेऊन ये. गर्दीत उभी राहा आणि तिला उंच धर, म्हणजे मला दिसेल. मी तिला एक आठवडाच पाहिलं आहे, आणि तेव्हा ती सगळा वेळ झोपलेली होती.

आणि तू मला माफ केलंस का, तेवढं कळव.

बाल्डविन

*

थॉर्नवेल
सेंट हिलरीच्या सणाआधीचा सोमवार

बाल्डविन,

गाडी शनिवारी आली. गाडीवाल्यानं झाकण उघडू नका असं सांगितलं. मी उघडलं. रविवारी प्रार्थनेनंतर पुरलं, चर्चच्या दक्षिण भिंतीला, जिथं ऊन येतं. सगळं गाव आलं होतं. मागच्या दारानं मडकी नेणारेही आले. मी कुणाला काही म्हटलं नाही. घरी आले, दार लावलं, आणि जे वर्षभर बाजूला ठेवलं होतं ते रडून घेतलं.

तू दोन दिवस माझं नाव सांगितलं नाहीस, ते कळलं. तुझ्या हातांचंही कळलं.

तू विचारलंस माफ केलं का. नाही. मला करता येत नाही. पाद्रीबाबा म्हणतात करायला हवं, ते पापपुण्य बघतात, त्यांचं बरोबर असेल. मी प्रयत्न केला. तुझं तान्हेपणीचं तोंड डोळ्यांपुढं आणलं. पण ते तोंड आलं की शेजारी दुसरं येतं, भुकेनं रडणारं, आणि मी पुन्हा तिथंच येते. तू खरं बोललास ते तुझी मुलगी माझ्या हातात होती म्हणून. ऑस्बर्न माझ्या पोटचा होता एवढं कारण तुला पुरलं नव्हतं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आवीस माझ्याकडेच वाढेल. तिला मी सगळं सांगेन. तू काय केलंस ते, आणि शेवटी काय केलंस तेही. त्यातलं एकही गाळणार नाही. मग तिचं तिनं ठरवावं.

ऑस्बर्नच्या वेळी त्या गर्दीत त्याचं एकही माणूस नव्हतं. मला कळलंच नाही, मग येणार कुठून. त्यानं कुणाला शोधलं असेल, मला माहीत नाही. बहुतेक तुलाच.

तुझ्या वेळी दोन माणसं असतील. मी उद्या सकाळी निघते, लोहार गाडी देतो आहे. मी तिला उंच धरणार नाही. ते सुख मी तुला देऊ शकत नाही, आणि थंडीही फार आहे, तिला शालीबाहेर काढता येणार नाही. पण मी पुढच्या रांगेत उभी असेन. माझ्या छातीशी गाठोडं असेल, ते ती.

गोडिथ
ऑस्बर्नची आई